चार उंडे, सहा पोई: पोदेरापर्यंतची यादी मेंदू कुठे धरून ठेवतो?

सकाळी पावणेसातच्या सुमारास पोदेराच्या, म्हणजे गोव्यात दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचं पों-पों ऐकू येतं. उंडे, पोई, काकणं ही त्याच्या पावांचीच नावं. आजी चुलीपासून उठत नाही, तिथूनच सांगते, "बाबू, चार उंडे, सहा पोई, दोन काकणं. शंभराची नोट घेऊन जा. कालचे वीस त्याच्याकडे राहिलेत, तेही माग." बाबू चपला शोधत, तोंडातल्या तोंडात यादी म्हणत फाटकाकडे पळतो. अंतर अर्ध्या मिनिटाचं. त्या अर्ध्या मिनिटात डोक्यात जे चालतं, त्यावर 1930च्या दशकापासून प्रयोग चालू आहेत आणि त्यातले काही वाद अजून मिटलेले नाहीत.

याला वर्किंग मेमरी म्हणतात. मराठीत कार्यस्मृती म्हणू. आत्ता लागणारी माहिती काही सेकंद हाताशी धरायची आणि धरता धरता तिच्यावर काम करायचं, एवढाच तिचा अर्थ. यातला दुसरा भाग लोक विसरतात. बाबूला यादी नुसती पोचवायची नाही. चार, सहा आणि दोन मिळून बारा नग. सोयीसाठी सगळ्यांचा भाव पाच रुपये धरू, म्हणजे साठ झाले. शंभरातून चाळीस परत, वर कालचे वीस, म्हणजे हातात साठ यायला हवेत. आकडे धरणं हे एक काम आणि धरलेल्या आकड्यांची उलटापालट करणं हे दुसरं. मेंदूत या दोन कामांचा भार सारखा वाटलेला नसतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: मेंदूत कार्यस्मृती नावाची खोली नाही. कपाळामागच्या भागाकडे बोट दाखवून "ती इथे असते" असं सांगणारी चित्रं इंटरनेटवर भरपूर आहेत, ती अर्धवट आहेत. घरातला स्वयंपाक नेमका कुठे असतो असं विचारलं तर काय सांगाल? थोडा विळीवर, थोडा रगड्यात, थोडा चुलीवर, आणि मीठ कधी टाकायचं हे सांगणाऱ्या माणसाच्या तोंडात. इथेही तसंच आहे. म्हणून बाबूच्या यादीचाच माग काढत जाऊ.

कानाच्या वर, डावीकडे

आजीचा आवाज कानातून निघून कानशिलामागच्या टेम्पोरल लोबच्या वरच्या काठावर पोचतो. तिथे आवाजाचे शब्द होतात. पुढे डाव्या मेंदूत, साधारण कानाच्या वर आणि थोडा मागे, सुप्रामार्जिनल गायरस नावाचा पट्टा आहे. बहुतेक लोकांत ऐकलेल्या शब्दांचा ठसा इथे आणि आसपास दोनेक सेकंद टिकतो. नुसता सोडला तर तो विरतो. म्हणून बाबू पुटपुटतो. पुटपुटण्याचं काम डाव्या कपाळाच्या खालच्या बाजूचा ब्रोका भाग आणि त्याच्या शेजारचा, हालचाली आखणारा भाग करतो. ओठ हलले नाहीत तरी तो आतल्या आत शब्द म्हणत राहतो. मागे डोक्याच्या तळाशी असलेला लहान मेंदू या म्हणण्याची लय सांभाळतो. ठसा विरायच्या आत शब्द पुन्हा म्हटला की ठसा पुन्हा ताजा. हे चक्र अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 साली कार्यस्मृतीच्या आपल्या आराखड्यात मांडलं. साठवणारा भाग मागे आणि म्हणणारा भाग पुढे, ही वाटणी 1993मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर दाखवली.

हे चक्र सेकंदांत मोजतं, शब्दांत नाही. साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढं त्यात राहतं. घरी पडताळून पाहा. कुणाला तरी एकदाच सांगा: सांगे, केपे, फोंडा, मये, थिवी. लगेच त्याच क्रमाने म्हणायला लावा, बहुतेकांना जमतं. मग सांगा: धारबांदोडा, कुंभारजुवे, बेताळभाटी, सावईवेरे, दोनापावला. गावं तेवढीच पाच, पण क्रम डगमगायला लागतो. लांब शब्द म्हणायला वेळ घेतात आणि पाचवा म्हणेपर्यंत पहिल्याचा ठसा पुसट होतो.

आता पहिली सोपी यादी कागदावर दाखवा, पण वाचताना त्या माणसाला सतत "राम राम राम" म्हणत ठेवा. ब्रोका भाग अडकला, चक्र थांबलं. यादी डोळ्यांनी वाचलेली असूनही आठवण घसरते, कारण वाचलेले शब्दसुद्धा आपण आतून म्हणूनच धरत असतो. ठसा आवाजाचा असल्यामुळे चुकाही आवाजाच्याच होतात. बाबू पोईच्या जागी काकणं आणणार नाही, पण "वीस"चे "तीस" सहज करील.

हे चक्र तुटलेला माणूस कसा दिसतो? 1970 साली शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी केएफ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाबद्दल लिहिलं. मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला डाव्या बाजूला, मागच्या भागात इजा झाली होती. ऐकलेले दोन आकडेही त्याला धड परत सांगता येत नसत. पण नवीन गोष्टी शिकून त्या कायमच्या लक्षात ठेवणं त्याला जमत होतं. तोवर समज अशी होती की माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत येते आणि तिथूनच कायमच्या स्मृतीत जाते. केएफने ती मोडली.

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे हेन्री मोलेसन. 1953 साली फिट्सच्या उपचारासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींची नोंद करणारा भाग, आणि आसपासचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर नवीन प्रसंग लक्षात राहणं जवळपास संपलं. 2008मध्ये तो वारला तोपर्यंत ते परत आलं नाही. पण आकडे ऐकून लगेच परत सांगणं शाबूत होतं. एकदा ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. त्याने तो पंधरा मिनिटं धरून ठेवला. कसा, तर आठ धरा, पाच, आठ, चार यांची बेरीज सतरा, सतरातून आठ गेले नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार, झालं 584. मिनिटभराने विषय बदलल्यावर आकडा तर गेलाच, आपण काही लक्षात ठेवत होतो हेही गेलं. धरून ठेवणारी यंत्रणा आणि नोंद करून ठेवणारी यंत्रणा वेगळ्या आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणं कठीण.

चारच खुर्च्या

यादी फक्त शब्दांची नसते. काल पोदेराने सायकल कुठे लावली होती, टोपलीवरचं निळं प्लास्टिक, फाटकाजवळ बसलेला कुत्रा कुठल्या बाजूला होता, हे बाबू चित्र आणि जागा म्हणून धरतो. जागांचं काम मेंदूच्या वरच्या-मागच्या पॅरायटल भागाकडे जातं, त्यात उजव्या बाजूचा वाटा जास्त. आणि चित्राचे बारकावे? 2009मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की समोरून रेघा नाहीशा झाल्यावरही, माणूस त्या मनात धरून असेपर्यंत, रेघा कुठल्या दिशेला कललेल्या होत्या हे डोक्याच्या अगदी मागच्या, पाहण्याचं काम करणाऱ्या भागातल्या हालचालींवरून ओळखता येतं. म्हणजे पाहणाऱ्या पेशीच पाहिलेलं धरून ठेवायला मदत करतात. वेगळं गोदाम कशाला?

पॅरायटल भागातल्या एका खोल घडीत, इंट्रापॅरायटल सल्कसमध्ये, मर्यादा दिसते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत लोकांना रंगीत ठिपके दाखवून लक्षात ठेवायला सांगितलं. एक, दोन, तीन ठिपक्यांपर्यंत इथली हालचाल वाढत गेली. तीन-चारच्या पुढे ती सपाट झाली. ठिपके आठ दाखवले तरी पेशी चारांएवढंच काम करत होत्या.

जॉर्ज मिलर यांचा 1956चा "सात, दोन कमी-जास्त" हा आकडा अजून सगळीकडे फिरतो. नेल्सन कोवन यांनी 2001मध्ये पुरावे चाळून तो चारच्या आसपास आणला. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत: पुटपुटायला आणि जोड्या पाडायला मुभा असेल तर सात, ती काढून घेतली तर चार. मात्र चार म्हणजे चार "गठ्ठे": खुर्च्या चारच, एका खुर्चीवर एक गठ्ठा. एका गठ्ठ्यात किती मावेल हे आधीच्या ओळखीवर ठरतं. पुण्याच्या माणसाला 0832 हे चार आकडे आहेत. गोव्यात ज्यांच्या घरी लँडलाइन होता त्यांना तो एकच गठ्ठा. गाडीचा नंबर "जीए 05" ऐकून फोंडा हा एकच शब्द डोक्यात येतो. दहा आकडी मोबाइल नंबर आपण मराठीत जोड्यांनी सांगतो, अठ्ठ्याण्णव, बावीस, चौतीस असा. दहाच्या जागी पाच गठ्ठे.

सराव वाढला की गठ्ठे मोठे होतात आणि शेवटी काम वर्किंग मेमरीच्या हातून सुटून बेसल गँग्लिया या मेंदूत खोलवर असलेल्या गाठींकडे आणि लहान मेंदूकडे जातं. लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, असं आपल्याकडे जुने लोक सांगतात. चार खुर्च्यांत चार ताल मात्रा मोजत बसवणं कुणालाच शक्य नाही. ताल अंगात गेला असेल, मोजणीची गरजच उरली नसेल, तरच ते जमतं. नवशिक्या तबलजीचं उलट. तो मात्रा मोजतो, कुणी "चहा घेणार?" विचारलं की सम चुकते.

कपाळामागचा मुकादम

बाबू अर्ध्या वाटेवर आहे. कुत्रा भुंकला, शेजारच्या काकीने "शाळा आहे ना आज?" विचारलं. तरी तो पोदेराकडेच जातोय. कशामुळे?

1930च्या दशकात कार्लाइल जेकबसन यांनी माकडांवर एक साधा प्रयोग केला. दोन भांड्यांपैकी एकाखाली खाऊ ठेवायचा, मध्ये पडदा टाकायचा, काही सेकंदांनी पडदा उचलून निवडायला द्यायचं. प्रीफ्रॉन्टल कॉर्टेक्सला, म्हणजे कपाळामागच्या पुढच्या भागाला इजा केलेली माकडं चुकत. निष्कर्ष काढला गेला की स्मृती इथे राहते. पण 1942मध्ये रॉबर्ट माल्मो यांनी मधल्या काळात खोलीतले दिवे मालवले. तीच माकडं बरीच सुधारली! खाऊची जागा त्यांच्या डोक्यात होती; उजेडात दिसणाऱ्या इतर गोष्टी ती पुसून टाकत होत्या. हा छोटा प्रयोग फारसा सांगितला जात नाही. आमच्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे.

पुढे 1971मध्ये होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांना याच भागात अशा पेशी सापडल्या ज्या पडदा पडल्यापासून उचलेपर्यंत संदेश सोडत राहतात; त्याच वर्षी जपानमध्ये कुबोटा आणि निकी यांनाही तशाच सापडल्या. 1989मध्ये पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या प्रयोगशाळेत आणखी नेमकं दिसलं: ठिपका वर-उजवीकडे चमकला असेल तर काही ठराविक पेशी जाग्या राहतात, खाली-डावीकडे असेल तर दुसऱ्या. ठिपका विझल्यावरही, डोळे हलवायची वेळ येईपर्यंत.

मग खाऊची जागा इथे आहे की मागे? आज बहुतेकांचं मत असं, की बारीक तपशील मागच्या भागांत राहतात आणि पुढचा भाग कशाकडे लक्ष द्यायचं, काय करायचंय, काय गाळायचं हे धरतो. तिथून मागे सतत निरोप जात राहतो की हे सोडू नका. शेतावरच्या मुकादमासारखं. तो स्वतः भात कापत नाही, पण तो हलला की कापणी विस्कटते. यातही कामं वाटलेली आहेत. कपाळाच्या वरच्या-बाहेरच्या बाजूला, जुन्या नकाशातल्या 9 आणि 46 क्रमांकाच्या भागात, उलटापालट होते: बेरीज, क्रम फिरवणं, एक काढून दुसरं घालणं. खालच्या बाजूला नुसतं धरणं आणि नको ते दाबणं जास्त. त्यामुळे "चार, सहा, दोन" परत सांगताना 9 आणि 46 फारसे तापत नाहीत, "किती झाले, किती परत?" विचारलं की तापतात.

पेशी सारख्या जाग्या राहतात का, यावर सध्या चांगलीच जुंपलेली आहे. 2008मध्ये मोंगिल्लो, बाराक आणि त्सोडिक्स यांनी गणिताने दाखवलं की पेशी गप्प बसूनही माहिती धरता येईल. संदेश गेल्यावर पेशींच्या जोडांमध्ये कॅल्शियम थोडा वेळ साचून राहतं, जोड सेकंदभर मऊ राहतो आणि पुढचा हलका धक्काही जुना नमुना जागा करतो. दुसरीकडे, माकडांच्या मेंदूतल्या नोंदी बारकाईने पाहिल्यावर दिसलं की एकेक पेशी अखंड नव्हे तर झटक्याझटक्याने संदेश सोडते. बहुधा दोन्ही चालतं: लक्ष असलेली गोष्ट झटक्यांनी तेवत राहते, बाजूला ठेवलेली जोडांत निवांत पडून राहते. बाबूचे "कालचे वीस" दुसऱ्या प्रकारात मोडतात. नोट पोदेरापुढे धरेपर्यंत त्यांची आठवणही नसते.

फेरीबोटीचा रॅम्प

फाटकाशी पोचेपर्यंत मागून आई ओरडते, "अरे, उंडे चार नको, सहा आण!" आता एक अवघड काम आलं. सहा पोई आणि दोन काकणं जशीच्या तशी ठेवायची, फक्त चाराच्या जागी सहा बसवायचे, बाकीचं सांडू द्यायचं नाही. नवी माहिती सहज आत येत असती तर कुत्र्याचं भुंकणंही यादीत शिरलं असतं. अजिबात येत नसती तर आईचं सांगणं वाया गेलं असतं.

हे दार बेसल गँग्लियाच्या ताब्यात असतं. मेंदूच्या मधोमध, खोलवर असलेल्या या गाठी एरवी थॅलॅमसवर, म्हणजे माहिती पुढे पाठवणाऱ्या मधल्या ठाण्यावर, ब्रेक दाबून बसलेल्या असतात. रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प वर उचललेला असावा तसं: आतली वाहनं आत सुरक्षित, बाहेरचं बाहेर. कामाचं काही आलं की गँग्लियातला स्ट्रायटम हा भाग पुढच्या गाठीला गप्प करतो, थॅलॅमसवरचा ब्रेक सुटतो आणि थॅलॅमस-प्रीफ्रॉन्टलची जोडी नवी माहिती आत घेते. रॅम्प पुन्हा वर. म्हणजे ब्रेक लावून नव्हे, ब्रेकवरचा ब्रेक लावून दार उघडतं. काय कामाचं आहे हे ठरवायला डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची मदत होते. 2008मध्ये मॅकनॅब आणि क्लिंगबर्ग यांना दिसलं की नको त्या गोष्टी गाळायच्या क्षणाआधी ज्यांचे प्रीफ्रॉन्टल आणि बेसल गँग्लिया जास्त जागे होतात, त्यांच्या चार खुर्च्यांवर फालतू पाहुणे कमी बसतात. कुणाची वर्किंग मेमरी "मोठी" दिसते तेव्हा पुष्कळदा जागा जास्त नसते, दारवान चोख असतो.

बाबूचा हिशेब आता बदलला: चौदा नग, सत्तर रुपये, तीस परत, अधिक वीस, हातात पन्नास. जुने "साठ" पुसले गेले नाहीत तर तो पोदेराशी दहा रुपयांसाठी वाद घालील. पार्किन्सन्समध्ये नेमकं हे दार जड होतं, कारण बेसल गँग्लियाला डोपामिन पुरवणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात. माणूस विसरत नाही. आधीचं सोडून नव्यावर यायला त्याला वेळ लागतो. घरच्यांना ते हट्टासारखं वाटतं.

प्रीफ्रॉन्टलमध्येही डोपामिन लागतं, पण हुमणातल्या मिठासारखं: कमी झालं तरी बिघडतं, जास्त झालं तरी. 1979मध्ये माकडांच्या या भागातलं फक्त डोपामिन संपवलं, पेशी तशाच ठेवल्या, तरी मधल्या विलंबाचं काम जवळपास तो भाग काढून टाकल्याइतकं बिघडलं. उलट टोकाला, तीव्र ताणात डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन दोन्ही उसळतात, प्रीफ्रॉन्टलच्या पेशींमधले दुवे तात्पुरते सैल पडतात आणि सूत्रं भीती-सवयीच्या जुन्या भागांकडे जातात. फळ्यापुढे उभं करून "सांग पटकन, सात आठे?" असं खेकसलं की येणारं उत्तरही जातं. पाठांतर कच्चं नसतं, मुकादम पळालेला असतो.

काय बिघडलं ते ओळखायचं कसं

बाबू रिकाम्या हाती आला किंवा चुकीचं घेऊन आला, तर "लक्ष नव्हतं" म्हणून मोकळं होऊ नये. चूक कुठल्या जातीची आहे ते पाहावं. वीसचे तीस झाले, किंवा यादीचा मधलाच पदार्थ गळाला, तर आवाजाचं चक्र कमी पडलं. यादी लांब होती किंवा पुटपुटताना कुणी बोललं. पोदेर सोडून तो कुत्र्याशी खेळत बसला आणि विचारल्यावर यादी मात्र बिनचूक म्हणाला, तर तपशील टिकला, उद्देश सुटला. काम पुढच्या भागात बिघडलं. आईने बदल सांगूनही चारच उंडे आणले, तर दार उघडलं नाही. आणि सगळं बरोबर आणूनही कालचे वीस राहिले, तर ही वेगळीच भानगड: ठरलेल्या वेळी आठवायची गोष्ट होती, ती जागी करणारी खूण मिळाली नाही. यावर उपाय डोक्यातला नाही, हातातला आहे. शंभराची नोट वेगळी घडी घालून द्यावी. नोट उलगडताना वीस आठवतात.

मोजायचं असेल तर आकड्यांची साधी परीक्षा घरी करता येते. एकेक आकडा सेकंदाला एक या वेगाने, एकाच सुरात सांगायचा; जोड्या पाडायच्या नाहीत आणि शेवटच्या आकड्यावर सूर खाली आणायचा नाही, दोन्हींमुळे फुकट मदत होते. तीन आकड्यांपासून सुरू करून प्रत्येक लांबीला दोन संधी. दोन्ही चुकल्या की थांबा. मग तोच खेळ उलट क्रमाने. मोठ्या माणसांना सुलट सहा-सात, उलट चार-पाच जमतात. पाच वर्षांच्या मुलाला सुलट चारेक जमले तर ठीक आहे. प्रीफ्रॉन्टलची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. फक्त सुलट कमी येत असेल तर आधी कान आणि आवाज तपासा. सुलट छान आणि उलट फारच कमी असेल तर उलटापालट करणारा भाग थकलेला असू शकतो. आदल्या रात्री चार तास झोपून किंवा दोन पेग घेऊन ही परीक्षा देऊ नये, आकडा खोटाच येणार.

मराठीत एक जास्तीचा खड्डा आहे. "बावन्न" ऐकताना आधी "बा", म्हणजे दोन, कानावर येतं आणि मग पन्नास. लिहायचे मात्र आधी पाच. म्हणजे प्रत्येक जोडीला एकक धरून ठेवायचं, दशकाची वाट पाहायची, मग अदलाबदल करायची. सवयीच्या माणसाला कळतही नाही, मुलाला प्रत्येक वेळी एक खुर्ची द्यावी लागते. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीत "फिफ्टी-टू"वर येतं तेव्हा क्रम पुन्हा फिरतो. अशा मुलाने उदाहरणात 52च्या जागी 25 लिहिले तर गणित कच्चं आहे असं लगेच ठरवू नये. आकडे फळ्यावर लिहून तेच उदाहरण द्या. सुटलं तर दोष ऐकण्या-लिहिण्याच्या मधल्या पायरीवर होता.

मोबाइलवरचे "मेंदूचे व्यायाम" याने फायदा होतो का, हा प्रश्न हटकून येतो. त्या खेळात आणि त्याच्यासारख्या खेळात गुण वाढतात. तिथून अभ्यास, हिशेब, बुद्धी असं सगळीकडे पसरण्याचा पुरावा कमजोर आहे. पैसे भरण्याआधी एवढं माहीत असावं. झोप पुरी करणं, गठ्ठे पाडायला शिकणं आणि कागद-पेन्सिल वापरणं यांनी जास्त काम होतं. कागदावर यादी लिहिणं म्हणजे मेंदूला आळशी करणं नव्हे. चारही खुर्च्या हिशेबासाठी मोकळ्या होतात.

वयाप्रमाणे थोडं कमी होणं स्वाभाविक आहे. पण रोज कपेल, नाटक, पूजा सांभाळणाऱ्या माणसाचा हिशेब किंवा बोलण्याचा धागा काही महिन्यांत ढळू लागला, तर गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवावं. थायरॉइड, बी-12ची कमतरता, नैराश्य, झोपेत श्वास अडणं, चालू असलेली औषधं, यातलं बरंचसं तपासून सुधारता येतं. आणि अचानक, मिनिटांत, शब्द सापडेनासे झाले, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला तर ओपीडीची वाट पाहायची नाही, 108ला फोन करायचा.

बाबूपुरतं बोलायचं तर आजीने एकच बदल करावा. यादी त्याला चपला सापडल्यानंतर सांगावी. चपला शोधताना डोळे आणि पॅरायटल भाग गुंतलेले असतात, "कुठे काढल्या होत्या?" या प्रश्नाने एक खुर्ची आधीच अडवलेली असते, आणि चार उंड्यांना बसायला जागा नसते. चपला पायात, नोट मुठीत, मग "सहा उंडे, सहा पोई, दोन काकणं", आणि एकदा त्याच्याच तोंडून म्हणवून घ्यावं. तोवर पोदेर पुढच्या वळणावर गेला तर मात्र पळावं लागेल.